चार बोटं

मुलाच्या घरमालकीणबाईंनी कोट धरला आणि मास्तरांनी मागे हात करून तो अंगात चढवला. बाह्या बरोब्बर मनगटांवर येऊन थांबल्या. मास्तरांनी आधी डाव्या मनगटाकडे पाहिलं, मग उजव्या. चाळीस वर्षं लोकांची मापं घेतलेला शिंपी तो. मुलाचा कोट आपल्याला इतका नेमका बसणार नाही, हे त्यांना टेपशिवाय कळत होतं. मुलगा वीतभर उंच. त्याच्या परदेशातल्या नोकरीसाठी हा कोट त्यांनीच शिवला होता.

"काका, बसला का नीट, विचारतायत," नर्स म्हणाली. ती आपल्याकडचीच, वरच्या मजल्यावर राहायची. चार दिवस दोघांचं बोलणं इकडचं तिकडे तीच करत होती. "आल्या दिवशी कपाटातून काढून तुम्ही हा घालून पाहिलात ना, तेव्हा बाह्या पार बोटांवर आल्या होत्या. यांना वाटलं, एवढ्या थंडीत माणूस नुसत्या स्वेटरवर आलाय, कोट हवाय पण मागायला संकोचतोय. दोन दिवस बसून हातानं शिवलंय बघा. डोळ्यांना धड दिसत नाही, तरी."

मास्तरांनी कोट घातला होता तो कॉलर नीट बसते का ते पाहायला. दुसऱ्याचा कपडा आपल्या अंगावर चढवून तपासायची त्यांची जुनी खोड. आज अकरा वाजता मुलाला निरोप द्यायचा होता आणि जाताना त्याच्या अंगावर हाच कोट हवा होता. त्या एका गोष्टीसाठी ते जन्मात पहिल्यांदा विमानात बसले होते. तसं त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. चार दिवसांत त्यांनी कुणाला काहीच सांगितलं नव्हतं.

रडूही आलं नव्हतं. बाई वाढत होत्या, ते खात होते, आणि पुरे कसं म्हणायचं ते माहीत नसल्यामुळे आणखी खात होते. बसायला मुलाची खुर्ची, निजायला मुलाची खोली, चहाला मुलाचा कप. एवढी सरबराई सख्ख्या बहिणीकडेही कधी झाली नव्हती. आत मात्र सगळं बधिर होतं, दात काढण्याआधी हिरडी होते तसं.

त्यांनी बाहीची कड उलटून पाहिली. टाके बारीक, एकसारखे. कापड नुसतं आत दुमडलं असतं तर पाच मिनिटांत उसवून सोडता आलं असतं. बाईंनी ते कापून टाकलं होतं. चांगलं चार बोटं.

"कापलेलं कापड कुठे आहे, विचारता का?"

नर्सनं विचारलं. "कचऱ्यात गेलं म्हणतायत, काका. गाडी कालच येऊन गेली. का हो?"

"काही नाही. छान झालंय म्हणावं."

बाईंचा चेहरा उजळला. त्यांनी पुढे होऊन कोटाचं वरचं बटणही लावून दिलं.

स्मशानातल्या विद्युतदाहिनीशेजारच्या खोलीत मुलगा पांढऱ्या चादरीखाली होता. तिथल्या माणसानं काहीतरी विचारलं.

"कपडे आणलेत का, म्हणतोय," नर्स म्हणाली.

मास्तरांनी अंगातला कोट काढला. त्या माणसानं मुलाचे खांदे उचलून धरले. मास्तरांनी आधी एक हात घातला, मग दुसरा. खांदे चोख बसले. कॉलरला सुरकुती नाही. मनगटं मात्र उघडी पडली. त्यांनी एकदा बाही खाली ओढून पाहिली. ती पुरली नाही.

दाराशी उभ्या बाईंना तेव्हा कळलं. त्यांनी नर्सचा दंड घट्ट धरला आणि त्या भराभरा बोलू लागल्या.

"काका," नर्स म्हणाली. "त्यांना खरंच माहीत नव्हतं हो. फार वाईट वाटतंय त्यांना."

मास्तर बटणं लावत होते. शेवटचं लागलं तसे ते बाईंकडे वळले.

"त्यांना सांगा, मनाला लावून घेऊ नका. दर वर्षी असंच होतं. शाळा सुरू झाली की बाह्या आखूड. पोरगं वाढतंय, त्याला कोण काय करणार?"