कोटाच्या मागची फुली

"अगं, वेड लागलंय का? हात लावू नकोस त्याला!"

नवरोबांनी हात झटकन मागे ओढला. नव्या काळ्या कोटाच्या बाहीवर कंपनीच्या नावाची पट्टी शिवलेली होती. बायको ती कात्रीनं उसवायला गेली होती.

"अहो, ही काढून टाकायची असते. दुकानापुरतीच असते ती."

"म्हणे दुकानापुरती! अगं, यासाठी तर पैसे मोजले. ग्लास उचलला की समोरच्याला नाव दिसलं पाहिजे. तिथे माणूस कपड्यांवरून जोखतात. तुला काय कळतंय त्यातलं?"

तिनं कात्री बाजूला घेतली. आत्ताच तिनं त्यांच्या पँटची लांबी कमी करून दिली होती, तेवढंच तिला कळत होतं म्हणायचं.

'तिथे' म्हणजे शहरातल्या सगळ्यात उंच इमारतीच्या गच्चीवरचा क्लब. तिथे दारावरचा माणूस आधी बूट बघतो, मग चेहरा. आज ऑफिसमधले साहेब नवरोबांची मालकांशी ओळख करून देणार होते. मालकांच्या मनात भरले, तर साहेबांची खुर्ची त्यांनाच मिळणार होती. आठवडाभर घरात दुसरा विषय नव्हता. आरशासमोर उभं राहून हसण्याचीसुद्धा तालीम झाली होती.

गेल्या महिन्यात तीही गेली होती त्या दारापर्यंत. दारावरच्या माणसानं तिच्या साध्या चपलांकडे पाहिलं आणि नवरोबांना अदबीनं विचारलं, "या बाई आपल्याबरोबर आहेत का?" मागेच साहेब उभे होते. नवरोबा म्हणाले, "नाही." आणि आत गेले. ती टॅक्सी करून एकटी घरी आली. तो शब्द अजून तिच्या घशाखाली उतरला नव्हता.

"मागून बघ गं. नीट बसलाय ना?"

नवरोबांनी पाठ फिरवली. कोटाला मागच्या बाजूनं खाली चीर होती. दुकानात ती फाकू नये म्हणून घातलेला टाका तसाच राहिला होता. काळ्या कापडावर पांढऱ्या दोऱ्याची बोटभर फुली. कोट घालायच्या आधी ती कापायची असते, हे नवरोबांच्या गावी नव्हतं. तिचा हात आपोआप पुढे झाला. काही झालं तरी नवरा होता. चारचौघांत त्याचं हसं व्हावं, एवढं मन तिचं अजून घट्ट झालं नव्हतं. कात्रीचं टोक दोऱ्याला लागलं.

"पुढच्या वेळी तुलाही नेईन," आरशात स्वतःला न्याहाळत नवरोबा म्हणाले. "जरा चारचौघींसारखं राहायला शिकलीस की. आणि मागच्या वेळचं मनात धरून बसू नकोस. माझ्या जागी कुणीही तेच केलं असतं."

तिनं कात्री मागे घेऊन मिटली.

"छान बसलाय," ती म्हणाली. "अगदी उठून दिसाल."

बाहेरच्या खोलीत सासूबाई बसल्या होत्या. समोरच्या कोपऱ्यात नवरोबांच्या बुटांचं काचेचं कपाट होतं. पूर्वी तिथे सासूबाईंचं शिलाई मशीन असायचं. त्याच मशीनवर लोकांचे कपडे शिवून त्यांनी मुलाला शिकवलं. साहेब घरी जेवायला येणार होते तेव्हा, सासूबाई डॉक्टरकडे गेल्या असताना, मशीन भंगारात गेलं. हॉलची शोभा जात होती म्हणे.

"आई, कसा दिसतो?" नवरोबांनी एक गिरकी घेतली.

सून कात्री हातात घेऊनच मागोमाग आली होती. जिचा जन्म कपडे शिवण्यात गेला, तिच्या नजरेतून हे थोडंच सुटणार होतं!

"वळ पाहू परत," सासूबाई म्हणाल्या. चष्मा काढून त्यांनी पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला. नवरोबा वळले. सासूबाई त्या पांढऱ्या फुलीकडे बघत राहिल्या. मग त्यांनी सुनेच्या हातातल्या कात्रीकडे पाहिलं आणि मग कोपऱ्यातल्या कपाटाकडे.

"असाच जा," त्या म्हणाल्या. "काही बदलू नकोस."

नवरोबांची स्वारी खूश झाली. शीळ घालत ते बाहेर पडले आणि दार लागलं.

दोघी खिडकीशी येऊन उभ्या राहिल्या. खाली रस्त्यावरचे दिवे नुकतेच लागले होते. नवरोबा छाती काढून टॅक्सीकडे निघाले होते. टॅक्सीत बसायला वाकले, तेव्हा ती फुली तिसऱ्या मजल्यावरूनसुद्धा लख्ख दिसली.

"आई, फोन करू का?" सून हळूच म्हणाली. "अजून कोपऱ्यावर वळली नाही टॅक्सी."

सासूबाईंनी तिच्या हातातली कात्री काढून घेतली. टॅक्सी वळून दिसेनाशी झाली.

"घरी आला की तणतणेल," मग त्या म्हणाल्या. "तुला विचारेल, एवढं पांढरंधोप दिसत होतं, तुझ्या लक्षात आलं नाही का? काय सांगशील?"

सुनेनं खिडकीचा पडदा सरळ केला.

"नाही."