चौदा क्रमांकाची पिशवी

रविवार, २३ मार्च २०२५. सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटे. जाळ्यातून काढलेले पक्षी तेवीस, नोंदवहीत बावीस.

सुकलाल सोनवणे यांनी बेरीज पुन्हा केली. तंत्रनिकेतनात तीस वर्षे मोजमाप शिकवलेल्या या माणसाला आपली बेरीज चुकलेली असावी, असे प्रथमच वाटत होते.

शहराबाहेर, इच्छापोरच्या पलीकडे, खाडीकाठी, पक्ष्यांच्या पायांत कडी घालण्याचे हे केंद्र रविवारी लोकांना पाहण्यासाठी खुले असे. उत्तरेकडे परतणारे पक्षी पहाटे जाळ्यात सापडत. प्रत्येक पक्षी कापडी पिशवीत घालून ती टेबलाच्या डावीकडे टांगायची. वजन करून, कडी घालून पक्षी सोडला की रिकामी पिशवी उजवीकडे. ही रीत सुकलालांनीच बसवली होती.

"काका, चौदा नंबरची पिशवी कुठंय?" केंद्र सांभाळणाऱ्या योगेंद्रने विचारले. "वटवट्या होता त्यात. मीच काढलाय जाळ्यातून."

डावीकडचे पिशव्या टांगायचे सारे आकडे रिकामे होते. मग सुकलालांना आठवले. आठच्या सुमारास पाहुण्यांची गर्दी झाली, कोणाला तरी फोटो काढायचा होता, आणि वाट करून देण्यासाठी त्यांनी स्वतःच्या हाताने एक पिशवी उजवीकडे टांगली होती. दोनच मिनिटांसाठी.

उजवीकडच्या पिशव्या त्यांची पत्नी पुष्पाबाई घेऊन गेल्या होत्या. दर रविवारी त्या पिशव्या धुवायला भेस्तानला घरी नेत. त्यांना रिक्षाने निघून पाऊण तास झाला होता. धुण्याचा नियमही सुकलालांचाच, कागदावर लिहून घरच्या न्हाणीघराच्या दारावर चिकटवलेला: पिशव्या उघडू नयेत. विष्ठेतून रोग पसरतो. तशाच कडकडीत पाण्यात सोडाव्यात.

पुष्पाबाईंना लावलेला फोन तीनदा वाजून बंद झाला. सुकलालांनी घराच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या हर्षदाला फोन लावला.

"हर्षदा, वर जा. काकूंना सांग, पिशव्या पाण्यात टाकू नको."

"काका, शांतीथी बोला ने, जरा हळू! काय झालं? आत्ताच आल्या काकू. बादली भरायचा आवाज येतोय."

"पळ, बाई!"

सुकलालांनी चालू फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला. जिन्यावरची पावले ऐकू आली, मग दार ठोठावल्याचा आवाज. पाणी पडतच होते.

"यात पक्षी मरतात का हो कधी?" टेबलाशी उभ्या एका पाहुण्या बाईंनी सहज विचारले.

पाण्याचा आवाज थांबला.

"काय व्हयनं?" पुष्पाबाईंचा आवाज आला. "पोरगीले धाप लागनी ना!"

"चौदा नंबरनी थैली... पाणीमा टाकी का तू?" सुकलालांनी विचारले.

"बाकीन्या टाक्यात. ती हातले जड लागनी, म्हनीसन उघाडी."

"जड?" योगेंद्र पुटपुटला. "अकरा ग्रॅमचा पक्षी तो."

सुकलालांनी समोरच्या वजनकाट्याकडे पाहिले. "आनि?"

"आनि काय? घडीभर खिडकीमा बसना, मंग समोरना शेवगावर उडी गया. आते तो तुमना कागद काढी टाका."

फोन बंद झाला. सुकलालांनी नोंदवही पुढे ओढली. पेनाचे टोपण काढले. तेविसाव्या ओळीत त्यांनी पिशवीचा क्रमांक लिहिला, पक्ष्याचे नाव लिहिले. वजनाच्या रकान्यापाशी पेन थांबले. तिथे त्यांनी रेघ मारली. मग पानाच्या तळाशी, स्वच्छ अक्षरात:

पकडलेले तेवीस. कडी घातलेले बावीस. सुटलेले तेवीस.