हुलग्याचा अर्क

रक्तपेढीच्या प्रयोगशाळेत ज्योत्स्नाने काचेची नळी हलवली आणि उजेडासमोर धरली. आतलं रक्त एकसारखं राहिलं. एकही गुठळी धरली नाही.

"हे तुमच्या मिसेसचं," ती शेखरला म्हणाली. "यात हुलग्याचा अर्क घातलाय."

"हुलगे? आपले खायचे?"

"तेच. शेंगोळे करतो ते. त्याच्या दाण्यात लेक्टिन म्हणून एक प्रथिन असतं. नेहमीच्या 'ए' रक्तात घातलं की लगेच गुठळ्या होतात. 'ए'चा एक कमजोर प्रकार असतो, त्यात होत नाहीत."

शेखर मान डोलावत राहिला. तो सातपूरला एका कारखान्यात फिटर होता. रक्तपेढीत तो याआधी फक्त रक्तदानाला आला होता. मंजुषा भिंतीजवळच्या स्टुलावर बसली होती. टोचलेल्या जागी तिने कापूस दाबून धरला होता.

पावसाळ्यात त्यांच्या वेदिकेला डेंग्यू झाला. दवाखान्यात तिचा रक्तगट 'ए' निघाला. शेखरचा 'ओ'. मंजुषाचा बाळंतपणापासून सगळीकडे 'बी' लिहिलेला. 'ओ' आणि 'बी'ला 'ए' मूल होत नाही, हे शेखरने मोबाईलवर वाचलं. वेदिका बरी होऊन घरी आली आणि शेखर बाहेरच्या खोलीत झोपायला लागला.

त्याने भांडण केलं नाही. वेदिका मांडीवर बसायला आली की त्याला काहीतरी काम आठवायचं. ती झोपली की तो तिचं नाक बघत बसायचा. एकदा जेवताना त्याने मंजुषाला विचारलं, "कोणाची आहे?"

मंजुषाने त्याच्या ताटात भाकरी वाढली. "तपासून घ्या," ती म्हणाली.

तिच्या आवाजात राग नव्हता. तेच शेखरला जास्त लागलं. हिला काहीच कसं वाटत नाही, असा विचार करत त्याने ती भाकरी खाल्ली. मग कामावरच्या एकाने ही रक्तपेढी सांगितली.

"यांचा गट 'बी' नाहीच," ज्योत्स्ना नळी स्टँडमध्ये ठेवत म्हणाली. "'एबी' आहे. जास्त बारीक तपासणीत 'ए' सापडला, पण तो कमजोर आहे. साध्या तपासणीत निसटला असणार. मुलीला तो आईकडून आलाय."

"म्हणजे माझा 'ओ' असूनही..."

"तुमचा यात प्रश्नच नव्हता."

शेखर बाहेर पायरीवर आला. मग त्याने दोन्ही हातांनी तोंड पुसलं. कितीतरी दिवसांनी त्याला भूक लागली होती. वेदिकेला जवळ घेऊन बसावं, असं त्याला फार वाटलं. मंजुषा मागून आली तेव्हा त्याने गाडीची किल्ली काढली होती.

"चल, आज बाहेरच जेवू. वेदिकेला शाळेतून घेऊ आणि तसंच जाऊ."

"तिला मी घेते," मंजुषा म्हणाली. "आम्ही घोटीला चाललोय. दादाकडे."

"किती दिवस?"

"तिथली शाळा बघितलीये."

शेखरला काही कळेना. "अगं, पण आता कशाला? आता तर तुझं खरं निघालं."

मंजुषाने कापूस उचलून बघितला. रक्त थांबलं होतं.

"त्यासाठीच थांबले होते," ती म्हणाली. "आधी गेले असते, तर पळाली म्हणाला असतात."