निकाली तक्रारी

वृद्धाश्रम चालवणाऱ्या त्या कंपनीत तक्रारींचा रिपोर्ट निघायला अर्धा दिवस जायचा, आणि एवढं करून हाती काय, तर ‘जवळजवळ सर्व तक्रारी निकाली’. वेळ नेमका कुठे जातो हे शोधायला साहेबांनी प्रोग्रामरबाईंना बसवलं. बाईंनी कोड तपासायचा आपला एक्सएमएल एडिटर थेट डेटाबेसला जोडला आणि निकाली तक्रारी गाळून रिपोर्ट काढणारी क्वेरी एकेका ओळीवर थांबवत चालवायला घेतली.

ढीगभर तक्रारी पडद्यावर आल्या. जेवण गारढोण असतं. चादर परवापासून ओलीच आहे. बेल वाजवून हात दुखला, कुणी फिरकलं नाही. ओळीमागून ओळ चालली, तरी ढीग तसाच. मग शेवटच्या ओळीला तो एकदम साफ झाला.

बाईंनी ती ओळ वाचली. ‘तक्रार करणारी व्यक्ती वारली असल्यास तक्रार निकाली धरावी.’

“साहेब, जरा इकडे या,” त्या कशाबशा म्हणाल्या. “हे बघा इथे काय चाललंय. आपण यांच्या मरणाची वाट बघतो!”

साहेबांनी चष्मा सावरून ती ओळ वाचली. पुन्हा वाचली. त्यांचा चेहरा पडला.

“छे छे, हे भलतंच झालं.”

बाईंना जरा हायसं वाटलं.



“सगळ्यात जास्त तक्रारी हीच ओळ काढते, आणि ठेवलीय सगळ्यात शेवटी? वर घ्या हो तिला, रिपोर्ट चुटकीसरशी निघेल!”