अर्धी जागा

कॉम्प्युटर सुरू झाला, पण बाई बोलली नाही.

सोनिका कान देऊन बसून राहिली. तिला जन्मापासून दिसत नव्हतं. दोन वर्षांपूर्वी तिनं स्वतः या कॉम्प्युटरवर विंडोजऐवजी लिनक्स बसवलं होतं आणि त्यात पडदा वाचून दाखवणारा आवाज घेतला होता. बाईचा आवाज, मराठीतला. त्याच्या जोरावर ती नागपूरच्या एका संस्थेसाठी मुलाखती ऐकून टाइप करायची. या घरात तेवढं एकच काम होतं, ज्यासाठी तिला कोणाला हाक मारावी लागत नव्हती.

"विंडोज बसला, ताई," कीबोर्डपुढं बसलेला उमेंद्र म्हणाला. तिच्या धाकट्या भावाला टायपिंगची परीक्षा द्यायची होती, आणि सरावाचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवरच चालत होतं.

"अन् माझं लिनक्स?"

उत्तर चंद्रकुमारनं दिलं. आमगावच्या बाजारात त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. "वो तो उड़ गया, दीदी. पहले विंडोज डालना पड़ता है, बाद में लिनक्स. उलटा नहीं चलता."

"मी अर्धी जागा रिकामी करून ठेवली होती. तिथंच टाका म्हटलं होतं."

"तिथंच टाकला. पण दुसरा दिसूनच नाही राहिला, तर मी काय करू?" मग तो उमेंद्रकडे वळला. "ऐसा कर, पूरा साफ करून देतो. फक्त विंडोज ठेव. यांना काय, मोबाईल आहेच की."

'यांना.' सोनिका त्याच्यापासून हातभर अंतरावर बसली होती.

"डिस्कची यादी उघडा," ती म्हणाली. "त्यात काय काय दिसते, वाचा."

चंद्रकुमारनं कुरकुरत, उभ्यानंच यादी उघडली. एक भाग विंडोजचा होता. दोन बारीकसे होते. "और एक बड़ावाला है. दो सौ चालीस जीबी. पण त्याले नाव नाही. खाली है वो."

"रिकामं नाही. तेच माझं आहे. विंडोजले वाचता येत नाही म्हणून नाव नाही दाखवत." तिचा आवाज चढला. "हात काढा त्याच्यावरून. सारं जिथल्या तिथं आहे. तुमच्या विंडोजनं फक्त दारात खुर्ची टाकली आहे, म्हणून कॉम्प्युटर सुरू झाला की थेट त्यातच जाते. उमेंद्र, ऊठ तिथून."

"ताई, त्याले समजते ना..."

"ऊठ म्हणते ना!"

उमेंद्र उठला. अंगणात तांदूळ पाखडणाऱ्या कुंताबाईंचं सूप थांबलं. लेक असं कधी ओरडत नसे.

सोनिकानं टेबलाच्या खणातून स्वतःचा पेन ड्राइव्ह काढला. त्यात अख्खं लिनक्स होतं, अडीअडचणीला लागलं तर म्हणून ठेवलेलं. तिनं तो लावला, कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला आणि एक कळ दाबत राहिली. कशावरून सुरू करायचं याची यादी आली; बाणाच्या कळेनं खाली सरकत ती तिनं उमेंद्रकडून वाचून घेतली. पेन ड्राइव्हचं नाव आलं तशी "बस" म्हणत तिनं एंटर दाबलं. दोन मिनिटं काहीच झालं नाही. मग तिनं तीन कळा एकदम दाबल्या, आणि स्पीकरमधून इंग्रजीत एक आवाज आला. सोनिकानं त्याचा वेग इतका वाढवला, की दोघांना नुसती भुणभुण ऐकू येऊ लागली.

"अरे दीदी, ये मत दबाओ. सब जाएगा," चंद्रकुमार पडद्यावर वाकून म्हणाला. त्यानं मध्येच माऊस ओढला. आवाज वाक्याच्या अर्ध्यात तुटला.

सोनिकानं हात पुढे केला, मॉनिटरची कड चाचपली आणि बटण दाबून पडदा बंद करून टाकला.

"हे काऊन बंद केलं?" उमेंद्र दचकला.

"मले नाही लागत."

आता काळ्या काचेसमोर ते दोघं नुसते उभे होते. काय चाललंय हे खोलीत फक्त तिलाच ठाऊक होतं. ती एकेक ओळ टाइप करत होती, भुणभुण ऐकत होती, मान हलवत होती. एकदा चुकली. तीच ओळ तिनं पुन्हा लिहिली. चंद्रकुमारनं दोनदा विचारलं, "क्या हो रहा है?" तिनं पुढची ओळ टाइप केली.

वीस मिनिटांनी तिनं पेन ड्राइव्ह काढून कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला. टुं, असा एक बारीक आवाज झाला. त्यानंतर कितीतरी वेळ काहीच नाही.

मग बाई बोलली. मराठीत, नेहमीच्या घाईत, फाइलींची नावं एकेक करत. बावीसच्या बावीस मुलाखती.

"बोलली का वं तुही बाई?" कुंताबाईंनी अंगणातूनच विचारलं.

"बोलली, माय."

चंद्रकुमारनं आपलं सामान पिशवीत भरलं. दारात थोडा घुटमळला. "दीदी, वो तरीका लिखके दोगे?" त्यानं विचारलं. या वेळी तो तिच्याशी बोलत होता.

"देईन. पण पहिले विचारायचं, मग साफ करायचं."

तो गेल्यावर तिनं मॉनिटर चालू केला आणि उमेंद्रसाठी पुन्हा एकदा सगळं सुरू करून दाखवलं. दोघांपैकी काय सुरू करायचं, ते विचारणारी यादी पडद्यावर आली. सर्वांत वर लिनक्स, खाली चौथ्या ओळीत विंडोज. दहा सेकंदांत काही निवडलं नाही, तर आपोआप लिनक्सच सुरू व्हायचं. ही यादी कोणी वाचून दाखवत नाही. तिथं बाई बोलत नाही.

उमेंद्रचं तोंड पडलं. "ताई, विंडोज वर घे ना. मले रोज खाली जाऊन शोधावं लागन."

"तर शोध," सोनिका म्हणाली. "तुले दिसते ना?"