चाइल्ड लॉक

बहिणीला मागच्या सीटवर बसवून भावानं दार लावलं. ते दार आतून उघडू नये म्हणून त्याचं चाइल्ड लॉक त्यानं सकाळी निघतानाच लावून ठेवलं होतं. बायकोनं बजावलं होतं आणि, खरं सांगायचं तर, त्यालाही ते पटलं होतं. घरात दोन लहान मुली. बहिणीनं एकदा नवऱ्याच्या अंगावर उकळतं पाणी ओतलं होतं, आणि तेव्हापासून आज सुटेपर्यंत ती या मनोरुग्णालयाच्या कुलूपबंद वॉर्डात होती.

फाटकापाशी वॉर्डातल्या सिस्टर उभ्या होत्या. त्यानं त्यांना बाजूला घेऊन हळूच विचारलं, "पुन्हा तसं काही करणार नाही ना ती?"

"बायका सहसा परत येत नाहीत इथे," सिस्टर म्हणाल्या. "पुरुष येतात." आणि त्यांनी हनुवटीनं समोर दाखवलं.

समोर आजच सुटलेला एक धिप्पाड गृहस्थ होता. बायकोचं डोकं फोडून तो तिसऱ्यांदा इथे आला होता, आणि तिसऱ्यांदा तीच त्याला न्यायला आली होती, इस्त्रीचा शर्ट घेऊन. त्यानं नुसता हात पुढे केला. तिनं मुकाट्यानं गाडीची किल्ली त्यावर ठेवली. साहेब ऐटीत स्टिअरिंगवर बसले. कोणालाच काही खटकलं नाही. भावालाही नाही.

तो वळला तर बहीण आतून दाराचं हँडल ओढत होती. तिची शाल वॉर्डातच राहिली होती. हँडल नुसतंच हलत होतं. त्याची कानशिलं तापली.

"ते दार बिघडलंय जरा," असं म्हणून शाल आणायला तो स्वतःच धावला.

वाटेत तिनं मुली कितवीत आहेत एवढंच विचारलं. तो सारखा आरशातून तिचे हात बघत होता, आणि आपण बघतोय हे तिला कळतंय, हेही त्याला दिसत होतं.

गाडी घरासमोर थांबली. वर खिडकीत बायको उभी होती. त्यानं उतरून मागचं दार उघडलं, पण बहीण हलली नाही.

"बिघडलेलं नाहीये ते, दादा. तिथली सगळी दारं अशीच होती."

धरणीनं पोटात घेतलं तर बरं, असं त्याला झालं. वाकून त्यानं दाराच्या कडेची चाइल्ड लॉकची ती बारीक खिट्टी सरकवली.

"आता लाव," ती म्हणाली. "मी उघडते."

त्यानं दार लावलं आणि वर न बघता, मान खाली घालून, तो बाहेर उभा राहिला.