मुठीकडे सरकणारा ठसा

संग्रहालयातल्या जुन्या युरोपीय तलवारी हातमोजे घालूनच पुसायच्या, नाहीतर बोटांचे ठसे पात्यावर गंजून उमटतात. तिथे हे काम करणाऱ्या म्हातारीचा नवरा मात्र बोलणी खात जन्मभर उघड्या हातांनीच पुसायचा.

तो गेला, आणि कुलूपबंद कपाटातल्या लांब तलवारीच्या टोकाशी अंगठ्याचा ठसा उमटला. मधोमध नवऱ्याच्या अंगठ्यावरच्या जुन्या जखमेचा व्रण. तिने तेलाने पुसला. पुढच्या खेपेला तो मुठीकडे थोडा सरकून आला, मग आणखी थोडा. तिला सोबत वाटायची. लेकीला ती अवाक्षर बोलली नाही.

आज लेक काम शिकायला आली. "बाबांसारखी वेंधळी नाहीये हं मी," म्हणत तिने हातमोजे चढवले आणि मूठ धरली.

"आई, ही कोमट कशी गं?"

"सोड ती. आधी सोड!"

"सोडलीय गं मी. माझा हात सुटत नाहीये."